साडूंचा आकडा

साडू हे नातं मोठं गमतीचं. ते आपण जोडलेलं नसतं, आपल्या आईवडिलांनी पत्रिका बघून ठरवलेलं नसतं आणि बायकोचाही त्यात हात नसतो. बायकोच्या बहिणीने कुणाच्या तरी गळ्यात माळ घातली, की त्या माणसाच्या छंदांत आपली कायमची भागीदारी सुरू होते. माझ्या साडूंचा छंद गोल्फ. नीट सांगायचं तर परदेशी सुट्टीत खेळायचा गोल्फ. पुण्यात ते गोल्फ खेळत नाहीत. पुण्यात ते गोल्फबद्दल बोलतात. आठवड्यातून दोनदा पहाटे सरावाच्या जागी जाऊन बादलीभर चेंडू मारून येतात खरे, पण त्याला ते खेळणं म्हणत नाहीत, 'ग्रिप बघून येतो' म्हणतात.

यामागे हिशेब आहे. साडू बँकेतून उपमहाव्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक गोष्टीमागे हिशेब असतो आणि तो आपल्याला ऐकावा लागतो. क्लबाचं सभासदत्व घ्यायचं तर पैसे लाखांत, वर प्रतीक्षा यादी एवढी लांब की "आपला नंबर लागेल तो थेट वैकुंठात". त्यापेक्षा वर्षातून एकदा थायलंड गाठायचं, आठ दिवसांत सहा राउंड खेळायचे, आणि विमान, हॉटेल, मैदान, कॅडी सगळ्याची बेरीज करून तिला एकशे आठने भागायचं. एका होलला जो आकडा पडतो तो त्यांनी मला तीनदा सांगितला आहे. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "भाऊ, होलाने कशाला भागता? फटक्यांनी भागा. तुम्हाला जगातल्या कुठल्याही खेळाडूपेक्षा स्वस्त पडेल." त्यानंतर ते दोन दिवस माझ्याशी फक्त हिच्यामार्फत बोलत होते.

गोल्फमध्ये हातमोजा एकाच हातात घालतात, उजखोरा माणूस डाव्या हातात. त्यामुळे थायलंडहून आल्यावर साडूंचा उजवा हात वांग्यासारखा आणि डावा सोललेल्या बटाट्यासारखा दिसतो. हा डावा हात ते पुढचे दोन महिने जपतात. लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीला दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बसतात आणि कुणी विचारायची वाट बघतात. कुणी विचारलं नाही तर स्वतःच तो हात निरखून "काय हे!" म्हणतात. सत्यनारायणाच्या प्रसादाला त्यांनी एकदा डावा हात पुढे केला होता. हिच्या ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, तो तिथल्या तिथे खाली ओढला.

या वेळी व्हॅनचं भाडं चौघांत विभागलं तर परवडतं असं निघालं, म्हणून आम्हा दोघांना आमंत्रण आलं.

गोल्फची बॅग विमानातून नेणं हे एक कार्यच आहे. नियमाप्रमाणे खेळाडूला जास्तीत जास्त १४ काठ्या बाळगता येतात. साडू चौदाच्या चौदा नेतात. कमी नेल्या तरी चालतं हे त्यांना मान्य नाही. या चौदा विद्यांपैकी त्यांना तीन अवगत आहेत, बाकीच्या अकरा फक्त पुसल्या जातात. त्या काठ्या मोडू नयेत म्हणून ताईंच्या जुन्या रजईत गुंडाळून, वरून पांढऱ्या कापडाचं वेष्टण घालून नायलॉनच्या दोरीने तीन ठिकाणी आवळलेली ती लांबलचक बॅग आम्ही मुंबई विमानतळावर ट्रॉलीवर आडवी घालून नेत होतो. पुढे साडू, मागे मी. माणसं गप्प होऊन बाजूला सरत होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात जोडले. साडूंना वाटलं ओळखीचे असतील, त्यांनीही जोडले.

बँकॉकच्या डॉन मुआंग विमानतळावर उतरताना साडूंनी खिडकीतून खाली पाहिलं आणि पट्टा सोडायची खूण व्हायच्या आत अर्धे उभे राहिले. दोन धावपट्ट्यांच्या मधल्या पट्ट्यात चक्क गोल्फचं मैदान! थाई हवाई दलाचं आहे म्हणे, अठरा होलांचं. विमान उतरायचं असलं की लाल दिवा लागतो, खेळणारे थांबतात, विमान गेलं की पुन्हा चालू. "बघा," साडू म्हणाले, "याला म्हणतात देश." आपल्याकडे रेल्वेच्या रुळांमध्ये पालेभाजी लावतात हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं, पण त्यांना ती तुलना आवडली नाही.

हुआ हिनला पोचायला बँकॉकहून व्हॅनने तीनेक तास लागतात. ते तीन तास साडूंनी वाया घालवले नाहीत. समुद्रकाठचं हे गाव मोठं झालं ते रेल्वेमुळे, आणि रेल्वेनेच तिथे गोल्फ आणला. स्टेशनसमोरचं जुनं मैदान १९२४ सालचं, रेल्वेच्याच एका स्कॉटिश इंजिनियरने आखलेलं. जुनं स्टेशन लाल आणि पिवळसर पांढऱ्या लाकडी नक्षीचं आहे, राजाला गाडीची वाट बघायला वेगळा मंडप आहे. राजवाडा तिथेच, समुद्रालगत. त्याचं नाव क्लाय कांगवोन, अर्थ 'काळजीपासून दूर'. सातवा राम म्हणजे राजा प्रजाधिपोक १९३२ च्या जूनमध्ये तिथे मुक्कामाला असताना इकडे बँकॉकमध्ये उठाव झाला आणि निरंकुश राजेशाही संपली. ती बातमी राजाला गोल्फच्या मैदानावर कळली, असं सांगतात.

"म्हणजे तिकडे सत्ता गेली आणि हा चेंडू मारत होता?" ताई म्हणाल्या.

"मग राउंड अर्धवट टाकायचा?" साडूंनी विचारलं. ताईंनी खिडकीबाहेर बघत पर्समधून आवळा सुपारी काढली.

त्या ऐतिहासिक मैदानावर आम्ही फक्त फोटो काढले. आमच्या पॅकेजात बसलेलं मैदान गावाबाहेर होतं, अननसाच्या मळ्यांच्या पलीकडे. हा सगळा भाग अननसाचा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना निळसर हिरव्या टोकेरी पानांच्या रांगा, मधूनच एक टेम्पो, त्यात काठोकाठ अननस. साडूंनी ते पाहिलेच नाहीत. ते डोळे मिटून मनातल्या मनात स्विंग करत होते आणि दर स्विंगला त्यांचं कोपर माझ्या बरगडीत येत होतं.

थायलंडमध्ये बहुतेक मैदानांवर कॅडी घ्यावीच लागते, माणशी एक. कॅडी बहुधा बायका. उन्हापायी त्या नखशिखान्त झाकलेल्या असतात. रुंद कडांची टोपी, मानेवर झालर, तोंडावर फडकं, मनगटापर्यंत बाह्या. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटरवरून जाणाऱ्या मुलींची आठवण यावी असा बंदोबस्त. पाठीवर नंबर. आमच्या वाट्याला आलेली सत्तेचाळीस नंबर. वय सांगता येणार नाही, कारण डोळे तेवढेच दिसत होते. ते डोळे पुरेसे होते. तिने साडूंना पायाच्या बुटापासून टोपीपर्यंत एकदा न्याहाळलं, चौदा काठ्यांवरून नजर फिरवली, आणि तिला या माणसाचं सगळं कळलं.

"सवातदी खा, पापा," ती म्हणाली.

उपमहाव्यवस्थापकांना 'पापा' ऐकायची सवय नव्हती. पण त्यांनी ते एका मिनिटात लावून घेतलं आणि तिला आपला हँडिकॅप २८ असल्याचं सांगितलं. हँडिकॅप म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट. २८ हा आकडा साडूंना कुणी दिला हे मला माहीत नाही. त्यांनी तो स्वतः मंजूर करून घेतला असावा.

साडूंचा पहिला फटका सावकाश बघण्यासारखा असतो. आधी ते चेंडूच्या मागे दहा पावलं जाऊन उभे राहतात, एक डोळा मिटतात आणि काठी लांब धरून क्षितिजाकडे बघतात. मग घड्याळ काढून पँटच्या खिशात, खिशातला मोबाइल काढून माझ्या खिशात. मग चेंडूशी येऊन पाय रोवणं, पाय पुन्हा रोवणं, आणि कमरेला दोन हिसडे. काठी चेंडूला लावायची, उचलायची, लावायची, उचलायची. पोरगा गोळी गिळताना करतो तसं. एवढ्यात कुठे दूर कोंबडा आरवला तर सगळं पहिल्यापासून. मग एकदम काठी वर, हा गर्रकन फेरा, टाच उचललेली, पोट अजून अलीकडेच, नजर आकाशात. फोटोत हे फार देखणं दिसतं. चेंडू बहुतेक वेळा तिथेच, तीन हातांवर असतो.

सत्तेचाळीसची भाषा आम्हाला दोन होलांत समजली. चेंडू दिसतोय, सापडण्यासारखा आहे, याला 'गुड शॉट, पापा'. पाण्यात गेला तर 'ओह, पापा'. मळ्यात गेला तर ती काहीच बोलत नसे, खिशातून नवा चेंडू काढून पुसायला लागे. साडू तिच्याकडे न बघता हात मागे करून 'सेव्हन!' म्हणत, शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर कात्री मागतात तसं. ती पाच नंबरची काठी हातात देई. चेंडू बरोबर हव्या त्या जागी पडे. "बघितलंत?" साडू मला म्हणत, "सेव्हनने दीडशे यार्ड!" मी सत्तेचाळीसकडे बघे. ती टोपीची झालर सारखी करत असे.

हरला की कारणं देणारे खेळाडू मी पुष्कळ पाहिले आहेत, पण साडूंची कारणं फटक्याच्या आधी तयार असतात. दमटपणामुळे चेंडू जड होतो. मोज्याला घाम येतो. हे ग्रीनवरचं गवत एका अंगाला झुकलेलं आहे (हे मात्र खरं असतं, त्या गवताला कल असतो आणि कलाविरुद्ध चेंडू मंदावतो). एवढं करून भागलं नाही तर जेटलॅग. थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास.

चेंडू ओळखता यावा म्हणून प्रत्येकाने आपल्या चेंडूवर काहीतरी खूण करावी असं गोल्फमध्ये सांगतात. कोणी ठिपका काढतो, कोणी रेघ. साडूंनी तीन डझन चेंडूंवर हिरव्या स्केचपेनने 'श्री' लिहून आणलं होतं, चोपडी पूजनाला लिहितात तसं. सत्तेचाळीसने ते उलटं-सुलटं करून पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं.

"श्री."

"सी?" तिने चार बोटं दाखवली.

थाईत चारला 'सी' म्हणतात. साडूंनी मान हलवून पुन्हा 'श्री' म्हटलं, तेव्हा तिने जरा वेगळा हेल काढून पुन्हा 'सी' म्हटलं, आणि हात जोडून दाखवले. आमच्या व्हॅनवाल्याने नंतर उलगडा केला. त्यांच्यातही श्री आहेच, लिहितात जवळपास तसंच, उच्चारतात मात्र 'सी'. नगराच्या नावात, माणसाच्या नावात, सगळीकडे. अयुथ्याचं पूर्ण नाव घेताना 'सी अयुथ्या' म्हणतात, म्हणजे आपली श्री अयोध्या. साडूंना एवढा आनंद झाला की त्यांनी त्याच दिवसापासून स्कोअर थाईत मोजायला घेतला. आठला 'पेट', नऊला 'काव'. पाचला 'हा'. तिथली तरुण मंडळी मोबाइलवर हसायचं असलं की ५५५ असं लिहितात, ते वाचायचं हा-हा-हा. दुसऱ्या दिवशी साडूंनी कधी नव्हे ते ओळीने तीन होल पाचात काढले आणि प्रत्येक वेळी मोठ्याने 'हा!' म्हणाले. तिसऱ्या 'हा'ला सत्तेचाळीस बॅग टाकून खाली बसली आणि तोंडावरचं फडकं डोळ्यांना लावलं.

सातव्या होलबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. डावीकडे लांबलचक तळं, उजवीकडे हद्दीचे पांढरे खुंट आणि त्यांच्या पलीकडे अननस. मधली हिरवळ ताईंच्या पैठणीच्या पदराएवढी. पहिल्या दिवशी साडूंचा चेंडू डावीकडे डुबकला तेव्हा माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "तळ्यात!" दुसरा चेंडू उजवीकडे गेला. "मळ्यात!" मी लहानपणी या खेळात कच्चा होतो, पण या ठिकाणी माझं एकदाही चुकलं नाही. पाचव्या चेंडूनंतर साडूंनी काठी खाली ठेवली आणि गोल्फमध्ये प्रेक्षकांनी शांतता पाळायची असते, असं मला बँकेच्या परिपत्रकी भाषेत समजावून सांगितलं.

त्याच तळ्यातून एकदा घोरपड वर आली. घोरपड कसली, सुसरीची धाकटी बहीण, नाकापासून शेपटापर्यंत पाचेक फूट, आणि येऊन बसली ती थेट श्रींच्या शेजारी. साडूंनी बॅगेतून नियमांचं पुस्तक काढलं. नियम सोळा: धोकादायक प्राणी जवळ असेल तर चेंडू उचलून दुसरीकडे ठेवता येतो, दंड नाही. त्यात विषारी साप आहेत, मगर आहे, अस्वलसुद्धा आहे, पण घोरपडीचा उल्लेख नाही. "मगरीत धरता येईल का?" त्यांनी मला विचारलं. मी सत्तेचाळीसला त्या प्राण्याचं नाव विचारलं, तर ती लाजली. थाईत घोरपडीचं नाव ही शिवी आहे, चारचौघांत उच्चारत नाहीत. सभ्य माणसं तिला 'सोन्याचांदीची' म्हणतात. एवढ्यात सोन्याचांदीची स्वतःच पाण्यात परतली. साडूंना तिचं जाणं आवडलं नाही. फुकटची सूट हुकली.

तिसऱ्या दिवशी संकष्टी होती. ताई म्हणाल्या, आज मी येते, चालायचं नाही, गाडीत बसून राहीन. बॅटरीच्या गाडीत बसून त्यांनी चार होल विणकाम केलं. पाचव्याला साडूंच्या काठीने चेंडूऐवजी जमीन उचलली आणि गवताचा हा एवढा ढलपा ताईंच्या पायाशी येऊन पडला. ताईंनी तो चष्म्याजवळ धरला.

"अहो, ही तर हरळी आहे!"

"बर्म्युडा आहे ते," साडू दुरून म्हणाले. "इम्पोर्टेड असतं."

पण ताईंचंच बरोबर होतं. उष्ण देशांतल्या गोल्फच्या मैदानांवर जिची एवढी मिजास असते ती बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. दूर्वा. तिची संकरित वाणं काढून, कातरून, खत घालून गालिचा करतात एवढंच. हे कळल्यापासून मला साडूंच्या खेळाकडे बघवेना. गेली पाच वर्षं हा माणूस परदेशी जाऊन दूर्वा खणतो आहे. ताई गाडीतून उतरल्या, मैदानाच्या कडेला जिथे कातरणी पोचलेली नव्हती तिथे बसल्या, आणि तीन पानांची एकेक काडी निवडून एकवीस दूर्वांची जुडी बांधायला लागल्या. सत्तेचाळीस आली. काय करता म्हणून खुणेने विचारलं. "गणपती," ताई म्हणाल्या. तिला कळेना. हिने मोबाइलवर आमच्या घरच्या गणपतीचा फोटो दाखवला.

"फ्रा फिखनेत!" सत्तेचाळीस ओरडली. विघ्नेश, तो तिकडे फिखनेत झाला आहे. तिने मानेभोवतीची झालर बाजूला सारून गळ्यातल्या साखळीतून पितळेचा बोराएवढा गणपती बाहेर काढला, डोक्याला लावला आणि ताईंच्या शेजारी बसून दूर्वा खुडू लागली. साडूंनी तेवढ्या वेळात चेंडू पायाने झाडाआडून बाहेर आणला. मी पाहिलं.

पहिल्या दिवशी तळ्यात गेलेले श्री चौथ्या दिवशी परत भेटले. दहाव्या होलपाशी एक झोपडीवजा दुकान आहे, शहाळी, थंड पाणी, बर्फात गारठवलेले नॅपकिन मिळतात. तिथल्या बाईच्या पायाशी एक टोपली. तळ्यात उतरून पोरं चेंडू काढतात आणि ते या टोपलीत विकायला येतात. जपानी कंपन्यांची नावं छापलेले, कोरियन अक्षरांचे, कुणा जावई-सासऱ्यांच्या स्पर्धेचे. त्यांत वर, स्वच्छ धुतलेला, हिरव्या शाईचा 'श्री'. साडूंनी तो उचलला.

"हा माझा आहे."

"ट्वेंटी बात," बाई म्हणाली.

"बाई, माझा आहे तो. हे बघा, माझं अक्षर."

"गुड बॉल. ट्वेंटी."

एका बातचे अडीच रुपये धरून साडूंनी मनात गुणाकार केला, चेहरा कडू केला, आणि मंडईतल्या सवयीने निघून जाण्याचं नाटक केलं. बाईने बोलावलं नाही. दहा पावलांवरून ते परत आले आणि पन्नासला तीन या भावाने स्वतःचा एक आणि दोन जपानी घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच श्री त्यांनी सातव्यावर ठेवला, आणि मी एक अक्षर बोललो नाही, तरी तो तळ्यात गेला. दहाव्यापाशी पोचल्यावर साडूंनी टोपलीकडे नजर टाकली आणि त्या बाईला शुद्ध मराठीत सांगितलं, "सापडला की बाजूला ठेवा. उद्या येतो."

आता पंधरा तारखेचं सांगतो.

गोल्फचा स्कोअर खेळाडूच्या शब्दावर चालतो. पंच नसतो. साडू कार्ड भरताना बँकेत बुडीत कर्जं भरायचे तसा चेहरा करतात, पेन्सिल ओठांवर टेकवून. नऊचे सात होतात, सातचे सहा. आतापर्यंत सत्तेचाळीसने याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. पापाने काय लिहावं हा पापाचा प्रश्न. त्या दिवशी राउंड संपल्यावर साडूंनी बेरीज केली, "१०९," आणि कार्ड खिशात घालणार तोच तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"नो, पापा. वन टू सेव्हन."

मला वाटलं काहीतरी भाषेचा घोटाळा आहे. साडूंनी पुन्हा १०९ दाखवले. तिने मान हलवली आणि बोटांवर एकेक होल मोजून दाखवायला सुरुवात केली. पहिला, आठ. दुसरा, सात. सातवा, अकरा, आणि तळ्याकडे बोट. तेरावा, नऊ. तेराव्याला साडू ग्रीनशेजारच्या खोल बंकरमध्ये उतरले होते, इतके खोल की वरून त्यांची टोपीच काय ती दिसत होती. ती वर झेंडा धरून उभी होती आणि वाळूचा फवारा उडाला की एक मोजत होती. चार फवारे. सगळं मिळून १२७. फरक अठराचा, दर होलमागे एक. सरसकट कर्जमाफी.

"पण हिला काय करायचंय?" साडूंचा चेहरा तांबडा झाला होता, मोजा घातलेला हात सोडून बाकी सगळेच तांबडे.

उलगडा व्हॅनवाल्याने केला. थायलंडमध्ये सरकारी लॉटरी महिन्याच्या एक आणि सोळा तारखेला निघते. उद्या सोळा. शेवटचे तीन आकडे जुळले तरी बक्षीस असतं, आणि ते तीन आकडे लोक कुठून कुठून शोधतात, गाडीच्या नंबरात, स्वप्नात, झाडाच्या सालीवर. सत्तेचाळीसला ते साडूंमध्ये सापडले होते. चेंडूवर श्री लिहिणारा, बायको फिखनेतला गवत वाहणारी, आणि स्कोअर तीन आकडी. असा पापा रोज थोडाच मिळतो? बाकीचे ऐंशी-नव्वदात संपतात. पण आकडा खरा हवा. खोटा आकडा देवाला कसा चालेल?

आमच्या लहानपणी चाळीतले एक काका साधूबुवांच्या तोंडून जे काय बाहेर पडेल त्याचा आकडा काढून मटक्यावर लावत. ते मला आठवलं, पण साडूंकडे बघून मी गप्प बसलो. ते बराच वेळ कार्डाकडे बघत उभे होते. ताई म्हणाल्या, "अहो, लिहा की. गरीब बाईचं भलं झालं तर होऊ दे." साडूंनी खोडरबर मागितला. कुणाकडे नव्हता. मग त्यांनी १०९ वर काट मारून शेजारी १२७ लिहिलं, आणि बँकेत करत तशी काट मारल्या जागी छोटी सही केली. सत्तेचाळीसने कार्डाचा फोटो काढला.

सोळाला साडूंनी विश्रांती घेतली. दुपारी लॉटरीची वेळ झाली तेव्हा हॉटेलातल्या टीव्हीपुढे नोकर मंडळी गोळा झाली होती, आणि साडू पाय मोकळे करायच्या निमित्ताने तिकडून दोनदा फिरून आले.

सतराला शेवटचा राउंड. सत्तेचाळीस नेहमीसारखी टोपी बांधून उभी. नंबर लागला नव्हता. "माई पेन राय," ती म्हणाली, म्हणजे असू दे, त्यात काय. मग दोन बोटं वर केली आणि मोबाइल दाखवला. शेवटचे तीन आकडे निघाले होते १२९. दोनने हुकला. तिने ते तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं, पण साडूंच्या काठ्यांच्या बॅगेकडे असं काही पाहिलं की जणू ते दोन फटके तिथेच कुठेतरी राहिले असावेत.

त्या दिवशी साडू फार बोलले नाहीत. दमटपणावर नाही, गवतावर नाही. सातव्याला दोन तळ्यात, एक मळ्यात, आणि त्यांनी ते तिन्ही स्वतः मोठ्याने मोजले. राउंड संपल्यावर टीप द्यायची वेळ आली. रोज ते चारशे बात मोजून देत, दोनदा मोजून. आज त्यांनी हजाराची नोट काढली, तिच्या हातात ठेवली आणि सुटे मागितले नाहीत. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी हिच्याकडे.

परतीच्या व्हॅनमध्ये दोघी बहिणी मागे झोपल्या होत्या. अननसाचे मळे मागे पडले, अंधार झाला. साडू डाव्या पांढऱ्या हाताने गुडघ्यावर काहीतरी मोजत होते. खूप वेळाने ते माझ्याकडे झुकले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले,

"तेराव्याच्या त्या बंकरात दोन हवेत गेले होते. वाळूच उडाली नाही, तिला कसे दिसणार?"